नऊ पॉइंट सात आठ

माझ्या एफ.वाय.च्या फिजिक्सच्या जर्नलमध्ये एका पानावर लाल शाईचं वर्तुळ आहे. पस्तीस वर्षं झाली, शाई आता विटकरी दिसते. वर्तुळाच्या आत माझ्या अक्षरात लिहिलेली संख्या आहे: ९८१.०४३७. साध्या लंबकाचा प्रयोग, गुरुत्वत्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) काढायचं, एकक सेंटिमीटर आणि सेकंद.

त्या दिवशी मी लंबक जेमतेम दोनदा हलवला होता. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं की उत्तर ९८१ यायला हवं. आलं की टिक, नाही आलं की 'रिपीट'. म्हणून गणित उलटं करायचं. ९८१ धरायचं, ७०, ८०, ९०, १०० सेंटिमीटरच्या दोऱ्याला वीस हेलकाव्यांना किती सेकंद लागायला हवेत ते काढायचं, आणि मग कुठे एक दशांश वाढवायचा, कुठे एक घटवायचा. याला आम्ही रीडिंग 'कुक' करणं म्हणायचो. त्यात काही चुकतंय असं मनालाही शिवत नसे. उत्तर तर पुस्तकातलंच येत होतं!

सर जर्नल तपासत होते. त्यांनी पान माझ्याकडे वळवलं.

"हे रीडिंग कुठे घेतलंस?"

"इथेच सर, तिसऱ्या टेबलावर."

"९८१ लंडनला येतं, पॅरिसला येतं. पुण्यात येत नाही. एखाद्याला चुकून येईलही. पण वीस जणांच्या वीस जर्नलांत चुकून येत नाही."

मी मान खाली घातली. ते रागावले मात्र नाहीत. लाल पेनाने त्यांनी ते वर्तुळ काढलं आणि म्हणाले, "ते राहू दे. आधी हे पॉइंटच्या पुढचे चार आकडे. स्टॉपवॉच किती दाखवतं?"

सेकंदाचा दहावा भाग.

"वीस हेलकाव्यांना किती वेळ लागला?"

चाळीस सेकंद.

"चाळीसमध्ये एक दशांश, म्हणजे चारशेत एक. सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून चूक दुप्पट. दोनशेत एक. ९८१ चा दोनशेवा भाग काढ."

जवळजवळ पाच.

"म्हणजे रीडिंग अगदी इमानदारीने घेतली असतीस, तरी तुझं उत्तर ९७६ असू शकलं असतं, ९८६ असू शकलं असतं. एककाच्या घरातला आकडासुद्धा तुझ्या हातात नाही. आणि तू पॉइंटच्या पुढे चार घरं लिहिली आहेस. ती कोणी मोजली?"

"कॅल्क्युलेटरवर आली, सर."

"कॅल्क्युलेटरला लंबक दिसतो का?"

हा प्रश्न मी नंतर कितीतरी मुलांना विचारला आहे, याच शब्दांत. त्या दिवशी मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटी रीडिंग पकडली गेली याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लागलं ते वेगळं होतं. ते चार आकडे मी मुद्दाम खोटे लिहिले नव्हते. समोर आले, उतरवले. जास्त आकडे म्हणजे जास्त अचूक, जास्त मेहनत, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

संध्याकाळी पाचनंतर लॅब रिकामी झाली तेव्हा सर म्हणाले, "चल, आता पुण्याचं काढू."

ती संध्याकाळ मला अजून बारीकसारीक तपशिलांसह आठवते. त्यांनी आधी पंखे बंद केले. मग पितळी गोळ्याचा व्यास व्हर्निअरने तीन बाजूंनी मोजायला लावला, कारण गोळा सगळीकडून सारखा गोल आहे हे कशावरून? दोरा बुचाच्या फटीत घट्ट धरला. लांबी फटीच्या खालच्या कडेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची, म्हणून दोऱ्याच्या लांबीत अर्धा व्यास मिळवला. शंभर सेंटिमीटर जमेपर्यंत मी दोरा चार वेळा वरखाली केला. टेबलाच्या कडेवर, गोळा स्थिर असताना जिथे दिसत होता तिथे खडूची रेघ ओढली. हेलकावा टोकाला मोजायचा नाही, या रेघेपाशी मोजायचा. टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका क्षण कळत नाही. मध्यावर तो सर्वांत वेगात असतो, रेघ ओलांडली की ओलांडली. आणि मोजायला सुरुवात शून्यापासून. पहिल्यांदा रेघ ओलांडताना 'एक' म्हटलं की सगळा प्रयोग एका हेलकाव्याने चुकतो. हे आम्हाला आधीही सांगितलेलं होतं, पण मी ते पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं.

या वेळी वीस नाही, दोनशे हेलकावे. घड्याळ चालू करताना आणि थांबवताना अंगठा जो उशीर करतो, तो वीस हेलकाव्यांना असतो तेवढाच दोनशेंना असतो. पण तो दहापट मोठ्या वेळेत विरून जातो. हत्यार तेच, स्टॉपवॉच तेच. फक्त धीर दहापट लागतो. इतक्या साध्या युक्तीने जास्तीचा एक खरा आकडा हाती येतो, हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पहिल्या वेळी एकशे चाळीसच्या आसपास मोजणी चुकली, पुन्हा सुरुवात केली. मग तीन रीडिंग मिळाली: ४०१.६, ४०१.८, ४०१.९ सेकंद. एकेक जवळपास सात मिनिटांचं. घामाने ओढणी भिजली होती. सरासरी काढली, सूत्रात घातली. कॅल्क्युलेटरने पुन्हा आठ आकडे दिले. सर नुसते बघत राहिले. मी पहिले तीन लिहिले आणि पेन उचललं.

९.७८. मीटरमध्ये.

"आता या आठाबद्दल काय म्हणशील?"

मी म्हटलं, सात असेल, नऊ असेल.

"एक असेल का? म्हणजे ९.८१?"

नाही. ९.८१ असतं, तर दोनशे हेलकावे जवळपास अर्धा सेकंद आधी संपले असते. तीनही वेळा अर्ध्या सेकंदाने अंगठा एकाच बाजूला चुकत नाही.

पृथ्वी मधोमध थोडी फुगलेली आहे आणि फिरते आहे. विषुववृत्ताकडे जावं तसं गुरुत्वत्वरण कमी होतं, उंचीवर गेलं की आणखी जरासं कमी. पुणं साडेअठरा अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. तिथे ते ९.७८ च आहे. आणि ते नेमके ९.८०६६५ जे पुस्तकांच्या मलपृष्ठावर छापलेले असतात, ते कुठल्याच लॅबमध्ये निघालेलं उत्तर नव्हे. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ साली व्यवहारासाठी ठरवून दिलेली ती प्रमाण किंमत आहे, ४५ अक्षांश आणि समुद्रसपाटी डोळ्यांसमोर ठेवून. आम्ही वर्षानुवर्षं पुण्यातल्या टेबलांवर बसून परक्या अक्षांशाचं गुरुत्व कुक करत होतो, आणि आमच्या पायाखालच्या जमिनीचं तसंच राहून जात होतं.

शेवटच्या खात्रीच्या आकड्यानंतर एकच शंकेचा आकडा लिहायचा आणि थांबायचं. अशा आकड्यांना मराठीत 'सार्थ अंक' म्हणतात. कॉलेजात सगळे सिग्निफिकंट फिगर्सच म्हणायचे, पण मला मराठी शब्द फार आवडतो. आजीच्या देवघरातल्या पोथ्यांवर 'सार्थ' छापलेलं असायचं: अर्थासह. नुसते शब्द नाहीत, खाली अर्थही दिला आहे. आकड्याचंही तसंच. ९.७८ मधल्या आठामागे तीन वेळा मोजलेले दोनशे हेलकावे उभे आहेत. ०४३७ च्या मागे काहीच उभं नव्हतं.

आणि हो, शंकेचा तो एक आकडा गाळायचाही नाही. त्यातून वाचणाऱ्याला कळतं की मी कुठवर पोहोचले आणि कुठे अडले.

आपल्या बोलण्यात ही समज मुळातच आहे असं मला वाटतं. आजीला विचारलं, जेवायला किती जण, तर ती म्हणे, "दहा-बारा असतील." अकरा म्हणत नसे. दहा-बारा म्हणजे अकराच्या आजूबाजूला, एखादं पान इकडे किंवा तिकडे. पंधरा-वीस म्हटलं की पट्टा रुंदावतो. पाच-पन्नास म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, मोजलेलंच नाही. सुमारे, अदमासे, जेमतेम, चांगले: 'जेमतेम शेरभर' आणि 'चांगलं शेरभर' यांत चूक कोणत्या बाजूला आहे तेसुद्धा सांगितलेलं असतं. आमच्या शेजारचे सुतारकाका दाराची फळी सुतात सांगत, इंचाचे आठ सूत. "अर्धा सूत ठेवतो, पावसात लाकूड फुगतं." त्यांनी कधी सुताचे दहा भाग केले नाहीत, कारण लाकूडच तेवढं स्थिर राहत नाही. सोनाराला मात्र गुंज लागे, तोळ्याचे शहाण्णव भाग. ज्याच्या त्याच्या कामाला जेवढी बारकाई खरोखर लागते आणि पेलते, तेवढीच त्याच्या बोलण्यात असे.

त्या संध्याकाळी लॅबला कुलूप लावता लावता सरांनी मला ज्याँ रिशेची गोष्ट सांगितली. हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर कायेनला गेला. विषुववृत्तापासून अवघ्या पाच अंशांवरचं गाव. पॅरिसमध्ये नीट लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. ते पुन्हा बरोबर चालावं म्हणून त्याला लंबक सव्वा 'लाईन' आखूड करावा लागला. ही त्या काळची फ्रेंच मोजणी. आपल्या हिशोबाने पावणेतीन मिलिमीटर. सबंध मीटरभर लांबीत पावणेतीन मिलिमीटर! कुणीही म्हणालं असतं, प्रवासात घड्याळ बिघडलं. उष्ण हवेत धातू वाढला, असंही म्हटलं गेलं. पण रिशेने एकदा मोजून सोडलं नाही. दर आठवड्याला, कित्येक महिने, तो तेच मोजत राहिला. पुढे न्यूटनने १६८७ मध्ये या सव्वा लाईनीचा आधार घेतला: पृथ्वी पुरती गोल नाही, मधोमध फुगलेली आहे.

घरी जाताना सायकलवर माझ्या डोक्यात हिशोब चालू होता. पॅरिसचं घड्याळ पुण्यात आणलं तर? रात्री आकडेमोड केली: दिवसाला जवळजवळ दोन मिनिटं मागे पडेल. माझ्या कुक केलेल्या रीडिंगमध्ये ही दोन मिनिटं मी पुसून टाकली होती. रिशेने माझ्यासारखं केलं असतं, पॅरिसचा आकडा येईपर्यंत रीडिंग इकडेतिकडे सरकवली असती, तर पृथ्वीचा फुगवटा त्याच्या वहीत सापडला नसता.

पुढे एम.एस्सी.ला असताना हिमालयाचं प्रकरण वाचलं, आणि ते माझ्या मनातून कधी गेलंच नाही. भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली. हा माणूस १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, मोजणीच्या वाटेवरच. (ज्याने जमिनीचा तसू न् तसू मोजला, त्याच्या जन्मसालाबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही.) काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने उत्तरेला नेलं. मध्य प्रदेशातलं सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरकडचं कलियाना, या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतलं अंतर दोन पद्धतींनी काढलं: एकदा जमिनीवरच्या त्रिकोणांवरून, एकदा ताऱ्यांवरून. दोन्ही वेळा ५ अंश २३ कला. पण त्यापुढच्या विकला जुळेनात. (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला.) फरक ५.२३६ विकला.

सहाशे किलोमीटरच्या अंतरात हा फरक सुमारे १६० मीटरचा. मोजणीतली चूक म्हणून तो सगळ्या त्रिकोणांत थोडा थोडा वाटून टाकता आला असता, आणि नकाशा काही वाईट दिसला नसता. कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू, जॉन प्रॅट गणिती होते. त्यांनी विचार केला की ताऱ्यांवरून अक्षांश काढताना ओळंबा धरावा लागतो, आणि उत्तरेला हिमालयाएवढा डोंगर असेल तर तो ओळंब्याला आपल्याकडे ओढणारच. हिमालयाचं वस्तुमान अदमासे धरून त्यांनी ती ओढ काढली. उत्तर आलं १५.८८५ विकला. फरकाचं कारण सापडलं म्हणावं, तर ते तिपटीने जास्त झालं! हिमालय जेवढा दिसतो, तेवढा ओढत नव्हता.

हे १८५५ सालचं. त्याच वर्षी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की पर्वताला खाली मुळं असतात, हलक्या खडकाची, पाण्यातल्या ओंडक्यासारखी; वर जेवढा उंच, तेवढा खाली खोल, म्हणून त्याची ओढ कमी पडते. प्रॅट यांनी स्वतः पुढे वेगळं स्पष्टीकरण मांडलं. पण डोंगर कशावर उभे आहेत, हा प्रश्न विज्ञानाने या पाच विकलांपाशी विचारायला सुरुवात केली. ओळंबा अंशाच्या सातशेव्या भागाएवढा झुकला होता, आणि कुणीतरी तो झुकाव वाटून न टाकता तसाच लिहून ठेवला होता.

१८६५ पासून याच मोजणीतला कॅप्टन बेसेवी लंबक घेऊन देशभर फिरला. आम्ही बुचाच्या फटीत टांगला तसला नाही, हवा काढून घेतलेल्या भांड्यात झुलणारा; पण तत्त्व तेच, हेलकावे मोजायचे आणि गुरुत्व काढायचं. लडाखच्या पठारावर, पंधरा हजार फुटांहून उंच, त्याने ही रीडिंग घेतली आणि १८७१ च्या जुलैमध्ये तिथल्याच थंडीत तो गेला. डोंगराखाली वस्तुमान कमी आहे, हेच त्याच्या आकड्यांनीही सांगितलं. त्याच्याबद्दल वाचताना मला माझा पंखा बंद केलेला उकाडा आठवला, आणि एकशे चाळीसला चुकलेली मोजणी. तिकडे मोजणी चुकली तर पुन्हा सुरुवात करणं काय असेल!

याच मोजणीतली एक आख्यायिका मी वर्गात नेहमी सांगते, आख्यायिका म्हणूनच. पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची मोजणीतले गणिती राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून नेमकी २९,००० फूट आली म्हणे. ती जाहीर केली तर लोकांना वाटेल, ढोबळ अंदाज सांगितला. म्हणून वरती दोन फूट टाकले. १८५६ मध्ये जाहीर झालेला आकडा २९,००२ होता, एवढं नक्की. मुलं हसतात. मग मी विचारते, २९,००० मधली कोणती शून्यं मोजलेली आणि कोणती भरतीची, हे बघून कसं ओळखाल? ओळखता येत नाही. शून्य मुकं असतं, त्याच्या शेजारी चूक लिहावी लागते.

आणि कधी कधी आकडे नुसत्या भाषांतरातून वाढतात. माणसाच्या अंगाचं तापमान ३७ सेल्सिअस हे जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये पंचवीस हजारांच्या आसपास रुग्णांच्या नोंदींवरून मांडलं. ३७ फॅरनहाइटमध्ये नेलं की होतं ९८.६, आणि अचानक तो दशांशाचा सहा पवित्र होऊन बसतो. माझी मुलगी लहान असताना मी मध्यरात्री थर्मामीटर दिव्याखाली धरून ९९.१ बघून घाबरले आहे. फिजिक्स शिकवणारी असूनही. निरोगी माणसाचं अंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेवढं सहज वरखाली होतं, हे मला माहीत होतं. पण त्या सहाने मला पकडून ठेवलं होतं. आकड्याची छाप अशी पडते, म्हणून तो लिहिणाऱ्याची जबाबदारी मला फार मोठी वाटते.

आता मी सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. इथेही गुरुत्वत्वरण ९.७८. इथेही मुलं ९.८१ कुक करतात. मला त्यांचा राग येत नाही, त्यांना तसं करायला लावणाऱ्या मार्कांचा येतो. परीक्षेत उत्तर पुस्तकाच्या जितकं जवळ तितके मार्क, ही पद्धत पोरांना पहिल्याच वर्षी शिकवते की डोळ्यांनी बघितलेलं खोडायचं असतं आणि छापलेलं लिहायचं असतं. माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी बदललं आहे. माझ्या जर्नलमध्ये उत्तराला मार्क नाहीत. रीडिंग किती वेळा घेतली, त्यांच्यात किती फरक पडला आणि त्यावरून उत्तर कुठवर लिहिलं, याला आहेत. सुरुवातीला सहकाऱ्यांनी नाराजी दाखवली. मी त्यांना लॅबमध्ये बोलावून दोनशे हेलकावे मोजायला लावले. तिघांनी मोजले.

गेल्या महिन्यात अकरावीची एक मुलगी टेबलापाशी घुटमळत उभी होती. पाऊस होता, लाईट जातयेत होती, तिला वीस हेलकाव्यांचीच चार रीडिंग मिळाली होती, तीही एकमेकांपासून लांब लांब. उत्तर आलं होतं ९.६. शेजारच्या मुलाचं ९.८१.

"मॅडम, माझं चुकलं. खोडू का?"

मी तिची चारही रीडिंग तिच्याबरोबर पुन्हा पाहिली. मोजणी शून्यापासून होती. लांबीत अर्धा व्यास मिळवलेला होता. कुठे हात फिरवलेला दिसत नव्हता. वेळा मात्र सात-आठ दशांशांनी पसरल्या होत्या, ओल्या हातांत घड्याळ घेऊन अंधारउजेडात जसं होईल तसंच. त्यावरून चूक किती ते तिला काढायला लावलं. तिने बोटांवर हिशोब केला, मग फार हलक्या हाताने, पेन्सिलने, ९.६ च्या पुढे लिहिलं: ± ०.२.

मी माझं पेन तिच्यापुढे सरकवलं आणि ते शाईने गिरवायला सांगितलं.